यीस्ट, सिलिकॉन आणि धातू: प्रकल्प हाती घेताना

‘सिलिकॉन दिलं की यीस्टमध्ये कॅडमियम कमी शिरतं’ असा आलेख लवकरच हाती येतो आणि नवखा माणूस तिथेच फसतो. धातू द्रावणातच सिलिकाला चिकटून बसला असेल, पेशीभित्तिकेवर कमी चिकटला असेल किंवा नुसता पीएच चढला असेल. हे सगळं बाद केल्याशिवाय वाहक प्रथिनांचं (धातू पेशीत आत नेणाऱ्या प्रथिनांचं) नाव काढू नये.

पीएच सगळ्यात आधी. सिलिकॉन ज्यातून देतो ते सोडियम मेटासिलिकेटचं द्रावण चांगलंच अल्कधर्मी असतं. १ मिलिमोलर मेटासिलिकेट २ मिलिमोलर आम्ल खातं, त्यामुळे पीएच ६ चा १० मिलिमोलर एमईएस बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) ६.३५ च्या आसपास सरकतो. भित्तिकेला धातू चिकटणं पीएचवर ठरत असल्याने एवढा फरकही निकाल बिघडवतो. सिलिकेटसोबत २ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घाला आणि कंट्रोलमध्ये (सिलिकॉन नसलेल्या तुलनेच्या संचात) २ मिलिमोलर सोडियम क्लोराइड. सोडियम, क्लोराइड, पीएच सगळं जुळतं. कंट्रोलमध्ये नुसतं पाणी घालणं म्हणजे प्रयोग न करण्यासारखंच.

काचेची भांडी बाजूला ठेवा. ऑटोक्लेव्हमध्ये काचेतून सिलिका उतरते आणि ‘शून्य सिलिकॉन’ शून्य राहत नाही. स्टॉकपासून कल्चरपर्यंत पॉलिप्रॉपिलीन वापरा, निर्जंतुकीकरण प्लास्टिकच्या फिल्टरने.

प्रमाणाचा मोह टाळा. खोलीच्या तापमानाला आणि या पीएचला एकेरी सिलिसिक आम्ल साधारण २ मिलिमोलरपर्यंतच टिकतं. त्यापुढे रेणू एकमेकांना जोडले जाऊन कण बनतात. कणांचा पृष्ठभाग ऋणभारित असल्याने ते धातू ओढतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये पेशींसोबत तळाशी बसतात. मग शोषण वाढल्यासारखं दिसतं! ओडीही (द्रावणाच्या गढूळपणावरून पेशींचा अंदाज देणारं माप) फुगते, म्हणून पेशी हिमोसायटोमीटरने, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली चौकटींच्या काचेवर, मोजा. १ मिलिमोलर पुरे. पातळ केलेलं द्रावण रात्रभर ठेवून मॉलिब्डेटने तपासा: एकेरी रेणू काही मिनिटांत पिवळा रंग देतात, मोठे कण देत नाहीत.

ॲल्युमिनियम निवडलं असेल तर जास्तच जपून. ते द्रावणातच सिलिसिक आम्लाशी संयुग करतं. सिलिकॉनमुळे माशांना ॲल्युमिनियम बाधत नाही, हे १९८९ मध्येच दाखवलं गेलं आहे. तिथे पेशीने काही केलं असं म्हणायला वेगळा पुरावा लागतो.

धातूच्या शोषणाची मोजणी वायपीडी या नेहमीच्या यीस्ट माध्यमात करू नका, त्यातले पेप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट धातू बांधतात. वायएनबी या सिंथेटिक माध्यमात सुमारे ७ मिलिमोलर फॉस्फेट असतं, तेही अडचणीचं. पेशी सिंथेटिक माध्यमात ओडी ०.६ ते ०.८ पर्यंत वाढवा, ३००० जी वर ५ मिनिटं फिरवून दोनदा धुवा आणि एमईएस बफरमध्ये २ टक्के ग्लुकोज घालून ३० अंशांवर ठेवा. ग्लुकोज विसरलात तर पटलावरचा प्रोटॉनचा उतार ढासळतो आणि शोषणही. धातू १० मायक्रोमोलर. नमुने २, १०, ३० आणि ६० मिनिटांना, थेट बर्फगार १० मिलिमोलर ईडीटीएमध्ये (हे धातू बांधून पेशीबाहेरचा धातू सोडवतं). शेजारी ४ अंशांवरचा संच हवाच. तिथे मिळणारा धातू बहुतेक भित्तिकेवरचा, तो वजा करा.

नायट्रिक आम्लात पेशी विरघळते, सिलिका नाही, आणि उरलेल्या गाळात धातू अडकू शकतो. सिलिकॉन मोजायला वेगळा संच सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये पचवा. यीस्टमधलं भरपूर फॉस्फेटही मॉलिब्डेटशी रंग देतं. ऑक्झॅलिक आम्लाने तो काढा. आयसीपी-एमएसवर (मूलद्रव्यं वस्तुमानावरून मोजणारं यंत्र) सिलिकॉनच्या वस्तुमान २८ ला नायट्रोजनचा रेणू आडवा येतो, त्यात यंत्राची टॉर्च क्वार्ट्झची, म्हणजे सिलिकाचीच.

एवढं झालं की खरा प्रश्न विचारता येतो. पेशींना आधी सिलिकॉन द्या, धुऊन टाका, मग सिलिकॉन नसलेल्या बफरमध्ये धातू द्या. परिणाम नाहीसा झाला तर तो द्रावणातला असण्याचीच शक्यता जास्त. टिकला तर भित्तिकेवर उरलेलं सिलिकॉन तपासा आणि मगच झेडआरटी१, एफईटी४, एसएमएफ१ ही धातूवाहकांची जनुकं काढून टाकलेल्या स्ट्रेन्सकडे वळा. पूर्वकल्चरमध्ये जस्त कमी पडलं की झेडआरटी१ वाढतं, म्हणून दोन्ही गटांच्या पेशी एकाच फ्लास्कमधून घ्या. जस्तासाठी एक सोपी उलटतपासणी आहे: झेडआरटी१ च्या प्रमोटरला (जनुक चालू-बंद करणाऱ्या भागाला) लॅकझेड हे सहज मोजता येणारं जनुक जोडलेला रिपोर्टर. पेशीच्या आतलं जस्त खरंच घटलं असेल तर झॅप१ हे नियंत्रक प्रथिन हा प्रमोटर चालू करतं, आणि या मापनात धुण्याच्या चुका शिरत नाहीत.