कॉइल गच्च भरू नका: व्हेंडिंग मशीनमधला माल ताजा ठेवण्याची माझी पद्धत

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत रात्री दीड वाजता माझा फोन वाजला. नागपूरच्या धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये माझी मशीन आहे, तिथून कोणा पेशंटच्या मुलाने लावला होता. "ताई, मशीनवर तुमचा नंबर दिसला म्हणून लावला. हा बिस्किटाचा पुडा मागच्याच महिन्यात संपला ना जी. बाबांना चहात बुडवून द्यायला घेतला होता." तो भांडला नाही, दहा रुपयेही परत मागितले नाहीत. एवढं सांगून त्याने फोन ठेवला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी सातला जाऊन मशीन उघडली. त्या कॉइलमध्ये, म्हणजे पाकिटं पुढे ढकलणाऱ्या तारेच्या गुंडाळीत, सात पुडे उरले होते आणि सातही तारीख गेलेले. कॉइलला दहा खाचा म्हणून मीच दहा पुडे भरले होते. खोका इतवारीच्या होलसेल बाजारातून स्कीममध्ये घेतलेला, घेताना तारीख पाहिलेली नव्हती. म्हणजे माल मशीनमध्ये शिळा झाला असला तरी चूक खरेदीच्या आणि भरण्याच्या वेळीच झाली होती.

आता माझ्या सहा मशिनी आहेत. हॉस्पिटल, बुटीबोरीतला कारखाना, हिंगणा रोडवरचं मुलांचं होस्टेल, मिहानमधलं एक ऑफिस आणि क्लासेसच्या दोन इमारती. भाचा आणि मी मिळून भरतो. या धंद्यात नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट हीच सांगते की कॉइल गच्च भरायची नाही. काचेतून ग्राहकाला समोरचं एकच पाकीट दिसतं. त्याच्या मागे नऊ आहेत की दोन, हे त्याला कळत नाही. भरलेली मशीन पाहून बरं वाटतं ते फक्त आपल्याला.

मग किती भरायचं? त्याचा हिशेब सोपा आहे. पाकिटावरचे उरलेले दिवस घ्या, त्यातून १५ वजा करा, सातने भागा आणि त्या कॉइलचा आठवड्याचा खप जितका असेल तितक्याने गुणा. समजा वेफर्सला ६० दिवस उरलेत. १५ गेले, ४५ राहिले, म्हणजे सहा आठवडे आणि वर थोडे. आठवड्याला दोन जात असतील तर १२ पाकिटं खपतील. कॉइल दहाची आहे, भरा दहा. पण ड्रायफ्रूट बारला ३५ दिवस उरलेत आणि आठवड्याला एकच जातो, तर २० दिवसांत जेमतेम तीन जातील. तिथे तीनच ठेवायचे, कॉइल आठची असली तरी. ते १५ दिवस मी मुद्दाम सोडते. शेवटच्या पंधरवड्यातला माल माझ्या मशीनमधून पूर्ण किमतीला कोणाला मिळू नये, असा माझा नियम आहे.

या हिशेबासाठी खप कॉइलच्या नंबरवार माहीत हवा. यूपीआयचा रिपोर्ट किती पैसे आले ते सांगतो, पण कोणतं पाकीट पडलं ते सगळ्याच मशिनी सांगत नाहीत. म्हणून माझ्याकडे शंभर पानी वही आहे. प्रत्येक मशीनची चार-पाच पानं, डावीकडे कॉइलचे नंबर, वर फेरीची तारीख. मशीन उघडली की आधी हात लावायचा नाही, मोजायचं. मागच्या वेळी दहा ठेवले, आज सहा दिसतात, म्हणजे चार गेले. ते लिहायचं आणि मगच ट्रे ओढायचा. भाच्याला सुरुवातीला हे कटकटीचं वाटायचं. आता तो मला न विचारता सांगतो की बुटीबोरीत ३२ नंबर मंदावला आहे.

आता तारखेकडे येऊ. चंदेरी पाकिटावर बारीक ठिपक्यांत छापलेली तारीख कॉरिडॉरच्या ट्यूबलाइटमध्ये वाचता येत नाही. अंगठ्याने पाकीट ताणून धरायचं आणि मोबाइलचा टॉर्च तिरका मारायचा, तेव्हा कुठे आकडे उमटतात. हे मशीनसमोर उभं राहून दरवेळी साठ पाकिटांना करणं होत नाही. म्हणून घरी खोका फोडला की लगेच प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्यावर रंगीत टिकली लावतो. स्टेशनरीच्या दुकानात गोल स्टिकरचे पत्ते मिळतात. ज्या महिन्यात माल संपणार, त्या महिन्याचा तो रंग. चार रंग पुरतात, कारण चार महिन्यांपेक्षा लांबची तारीख असेल तर टिकली लावत नाही. मशीन उघडल्याबरोबर या महिन्याचा लाल कुठे आहे ते दुरून दिसतं. टिकली तारखेवर किंवा एमआरपीवर चिकटवू नका, ग्राहकाला दोन्ही वाचता आलं पाहिजे.

तारखेचे प्रकारही समजून घ्या. 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' उलटली की तो माल विकता येत नाही, तो कायदा आहे. 'बेस्ट बिफोर' ही चवीची आणि कुरकुरीतपणाची तारीख असते. मी दोन्हींना एकाच मापाने मोजते. आणि काही पाकिटांवर नुसतं 'पॅकिंगपासून चार महिने' लिहिलेलं असतं, तिथे बोटं मोजून तारीख काढा, अंदाज नको.

आधी आलेला माल आधी विकावा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण नंतर आलेला माल नंतरच संपेल असं नाही. इतवारीच्या होलसेलवाल्याकडे आज घेतलेला खोका कधीकधी माझ्या घरच्या खोक्यापेक्षा जुना निघतो, कारण तो त्याच्याच गोदामात दोन महिने तळाशी होता. त्यामुळे आमच्याकडे आल्याची तारीख पाहत नाही, संपण्याची पाहतो. घरच्या रॅकवर सर्वांत आधी संपणारा खोका वर, बाकी खाली. नवा खोका आणून सवयीने वर ठेवला की खालचा विसरलाच म्हणून समजा.

मशीनमध्येही हे सांभाळावं लागतं. कॉइल फिरते तसा सगळा माल पुढे सरकतो आणि रिकामी जागा मागे होते. ट्रे पूर्ण बाहेर ओढून मागून भरलं की जुनं आपोआप पुढे राहतं. पण हॉस्पिटलची माझी मशीन अरुंद बोळात आहे, समोरची भिंत ट्रेला अडते. तिथे सगळी पाकिटं काढून पुन्हा लावावी लागतात, जुनी पुढे आणि नवी मागे. दहा मिनिटं जास्त जातात, जाऊ द्या. भरताना पाकिटाचा वरचा पट्टा तारेत चिमटला गेला तर बारीक भोक पडतं, आतला नायट्रोजन निघून जातो आणि तारीख लांब असूनही वेफर्स सादळतात. पाकीट हलकं दाबून पाहा, पिचकं लागलं तर बाजूला काढा.

एकच माल दोन कॉइलमध्ये ठेवत असाल तर जास्त लक्ष द्या. आमच्या होस्टेलमध्ये २१ आणि २२ दोन्हींत तेच मसाला वेफर्स होते. पोट्टे सवयीने २१ दाबायचे. २१ आम्ही चारदा भरली, तोवर २२ मधला माल तसाच. आता दर फेरीला २२ मधला माल २१ मध्ये येतो आणि नवा २२ मध्ये जातो.

पडून राहणाऱ्या मालाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. लोक म्हणतात, खपत नाही तर काढून टाका. मी आधी त्याची जागा बदलते. मिहानच्या ऑफिसात शेंगदाणा चिक्की सर्वांत खालच्या रांगेत होती, आठवड्याला एक जायची. तीच नजरेच्या उंचीवर आणली आणि तीन आठवड्यांत खप पाचवर गेला. लोकांना ती नको नव्हती, कोणी वाकून पाहतच नव्हतं. तीन फेऱ्या सलग खप कमी दिसला की पहिली जागा बदलायची. त्यानंतरच्या तीन फेऱ्यांतही हलला नाही तर मशीन बदलायची. तिथेही नाही हलला तर तो माल पुन्हा आणायचा नाही.

कधीकधी कारण मशीनच्या बाहेर असतं. होस्टेलमध्ये मी गरम पाणी ओतून खायच्या पोह्यांचे कप ठेवले होते. फाटकासमोर तर्री पोह्यांचा ठेला आहे, सकाळी सातपासून तिथे गर्दी. वाफाळती तर्री आणि वरून चिवडा सोडून कोण कपातले पोहे खाईल? तेच कप हॉस्पिटलमध्ये नेले, जिथे रात्री अकरानंतर बाहेर काही उघडं नसतं. तिथे ते आठवड्यात संपले.

मागणी ऐकून माल आणतानाही हात आवरा. "काकू, प्रोटीन बार ठेवा ना," असं होस्टेलच्या दोन मुलांनी सांगितलं आणि मी २४ चा खोका उचलला. महिन्यात तीन गेले. मागणारे दोघेच होते, घेणारेही तेच दोघे. आता नवीन काहीही चारच नग आणते, ते दोन आठवड्यांत गेले तरच खोका. होलसेलवाला १२ वर एक फुकट म्हणतो तेव्हा मी आधी वहीतला खप पाहते. माल परत घेणार का, हेही तेव्हाच विचारा. कंपनीचा डिस्ट्रिब्युटर ठरवून दिलं तर तारीख जवळ आलेला माल बदलून देतो, होलसेलवाला सहसा देत नाही. दोन रुपये स्वस्त मिळतं म्हणून मंद माल होलसेलमधून घेऊ नका.

वर्षाचं वेळापत्रक डोक्यात ठेवा. श्रावणात आणि नवरात्रात राजगिऱ्याचे लाडू आणि फराळी चिवडा धडाधड जातो, दसऱ्यानंतर त्यांना कोणी विचारत नाही. मी अष्टमीच्या आधीच ती खरेदी थांबवते. सहसा मेच्या पहिल्या रविवारी नीटची परीक्षा होते आणि त्यानंतर क्लासेसच्या इमारती ओस पडतात, म्हणून एप्रिलच्या मध्यापासून तिथे निम्माच माल. डिसेंबरच्या थंडीत कोल्ड्रिंक मंदावतं. तेव्हा प्लास्टिकच्या बाटल्या कमी आणि कॅन जास्त ठेवा. प्लास्टिकमधून गॅस हळूहळू निघून जातो आणि बाटली तारखेच्या आतच मिळमिळीत लागते. कॅनमध्ये तो टिकतो.

उन्हाळ्याबद्दल नागपूरकरांना काय सांगायचं. पारा ४५ च्या वर गेला की पाकिटावरच्या तारखेवर विसंबून चालत नाही, कारण ती तारीख थंड आणि कोरड्या जागेसाठी असते. तळलेला चिवडा आणि शेंगदाणे उष्णतेत लवकर खवट होतात. एप्रिल ते जून त्यांच्यासाठी मी १५ ऐवजी ३० दिवस वजा करते. चॉकलेट साधारण ३४ अंशांना विरघळू लागतं. मशीन थंड असली तरी इतवारीहून स्कूटीच्या डिकीत येतानाच ते वितळतं. पुन्हा घट्ट झाल्यावर त्यावर पांढरट साय येते. ती बुरशी नसते, पण घेणाऱ्याला बुरशीच वाटते. म्हणून चॉकलेट सकाळी सहाला थर्माकोलच्या डब्यात न्यायचं, आणि कूलिंग नसलेल्या मशीनमध्ये त्या तीन महिन्यांत ठेवायचंच नाही. लाइट गेली होती का, हे वॉचमनला दरवेळी विचारा. दूध, लस्सी, सँडविच असं काही ठेवत असाल आणि लाइट तास-दोन तास गेली असेल, तर तो माल काढा. तिथे वाचवायला जाऊ नका.

मंद मालाची आणखी एक अडचण किमतीची. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला, बिस्किटं आणि चॉकलेट १८ वरून ५ टक्क्यांवर आली, नमकीन १२ वरून ५ वर. चालणारा माल दहा दिवसांत नव्या एमआरपीचा झाला. मंद कॉइलमध्ये मात्र जुनी आणि नवी छापील किंमत एकामागे एक बसली होती. कॉइलला किंमत एकच लावता येते, म्हणून मी सगळीकडे कमीचीच लावली. तेव्हापासून एका कॉइलमध्ये दोन एमआरपी येऊ देत नाही.

महिनाभर उरला की माल मंद मशीनमधून चालत्या मशीनमध्ये जातो. १५ दिवस उरले की आम्ही तो वेगळ्या कॉइलमध्ये काढतो आणि काचेवर कागद लावतो: 'तारीख जवळ आहे, म्हणून ५ रुपये कमी', खाली तारीख ठळक अक्षरात. होस्टेलची मुलं ती कॉइल दोन दिवसांत रिकामी करतात. पाच दिवस उरलेलं जे काही असेल ते वॉचमन आणि सफाईच्या ताईंना, तारीख सांगून. ज्याची तारीख गेली ते कोणालाच नाही. ते घरी वेगळ्या खोक्यात राहतं, वर मार्करने 'विकायचं नाही' लिहिलेलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी भाचा आणि मी अंगणात बसून प्रत्येक पाकीट फाडतो, आतलं ओल्या कचऱ्यात आणि रिकामी पाकिटं सुक्यात. न फाडता टाकलेलं पाकीट कोणीतरी उचलून खातं. वहीच्या शेवटच्या पानावर किती नग फाडले ते लिहितो. जानेवारीतल्या त्या फोननंतरच्या पहिल्या महिन्यात ४१ होते, गेल्या महिन्यात तीन. तिन्ही बिस्किटाचे पुडे, क्लासच्या दुसऱ्या इमारतीतल्या ४४ नंबरचे. पुढच्या फेरीला तिथे दोनच ठेवणार आहे.