पौंडाचे पेन्शन, बाटचा संसार: ब्रिटनमधून निवृत्त होऊन थायलंडमध्ये राहू इच्छिणाऱ्यांसाठी

ब्रिटनमध्ये उभी हयात नोकरी करून उतारवयात थायलंडला राहायला जाणारा माणूस स्वतःला ‘एक्स्पॅट’ म्हणवून घेतो. तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात मात्र तो परकीयांच्या रांगेत उभा असतो आणि त्याच्या पारपत्रावर उमटणारा शिक्का एका वर्षाच्या मुदतीचा असतो. हा भेद केवळ शब्दांचा नाही. जो स्वतःला स्थलांतरित मानतो तो नियम वाचतो, कागद जपतो आणि मुदतीच्या आधी हजर राहतो. जो स्वतःला मानाचा पाहुणा समजतो त्याला यजमानाने नियम बदलला की अपमान वाटतो. मी स्वतः ब्रिटनमधून निवृत्त होऊन थायलंडमध्ये राहत आहे. पुढे जे सांगणार आहे त्यामागे एकच जाणीव आहे: आपले उत्पन्न एका सरकारच्या हाती आहे, मुक्काम दुसऱ्या सरकारच्या हाती आहे, आणि आपल्या सोयीसाठी नियम आखण्याचे कारण दोघांनाही नाही.

निघण्यापूर्वी पेन्शनचा हिशेब

सर्वांत आधी आपल्या नॅशनल इन्शुरन्सच्या (पगारातून सरकारकडे जाणाऱ्या सामाजिक विम्याच्या वर्गणीच्या) नोंदी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर तपासाव्यात. एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या नव्या स्टेट पेन्शनमध्ये, म्हणजे त्या वर्गणीवर सरकारकडून मिळणाऱ्या वृद्धापकाळाच्या पेन्शनमध्ये, काहीतरी हाती पडण्यासाठी किमान १० वर्षांच्या नोंदी लागतात आणि पूर्ण रकमेसाठी साधारणपणे ३५. मध्ये काही वर्षे रिकामी राहिली असतील, तर सर्वसाधारणपणे मागच्या सहा वर्षांपर्यंतची वर्गणी स्वेच्छेने भरता येते, आणि बहुतेकांसाठी हा व्यवहार फायद्याचा ठरतो. पेन्शनचे वय २०२६ ते २०२८ या काळात ६६ वरून टप्प्याटप्प्याने ६७ होत आहे, त्यामुळे नोकरी सोडण्याचे वर्ष ठरवताना जन्मतारखेप्रमाणे आपले नेमके वय पाहून घ्यावे.

यानंतरची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि आश्चर्य म्हणजे निम्म्याहून अधिक सामान बांधून झाल्यावरच ती अनेकांना कळते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्याचे स्टेट पेन्शन दर एप्रिलमध्ये वाढते. महागाई, सरासरी वेतनवाढ आणि २.५ टक्के यांपैकी जो आकडा सर्वांत मोठा, त्या प्रमाणात ही वाढ मिळते. थायलंडमध्ये राहणाऱ्याला ती मिळत नाही. ज्या दराने पेन्शन तिथे सुरू झाले, किंवा आधीपासून पेन्शन घेत असताना ज्या दराने तो तिथे राहायला गेला, त्याच दराने तो तिथे राहतो तोवर ते गोठून राहते. ज्या देशांशी ब्रिटनचा वाढ देण्याचा परस्पर करार आहे, तिथेच ती पोहोचते. म्हणून युरोपीय संघातील देशांत, अमेरिकेत आणि फिलिपिन्समध्ये पेन्शन वाढते, तर कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, भारत आणि थायलंडमध्ये गोठते. या विभागणीत भूगोलाचे, गरजेचे किंवा राष्ट्रकुलाच्या नात्याचे कोणतेही सूत्र शोधून सापडत नाही. कोणत्या दशकात कोणाशी करार झाला आणि पुढे खर्चाच्या भीतीने नवे करार करणे कसे थांबले, एवढाच त्याचा इतिहास आहे.

आकड्यांत पाहायचे तर, एप्रिल २०१६ मध्ये पूर्ण नवे पेन्शन आठवड्याला १५५.६५ पौंड होते आणि २०२५-२६ मध्ये ते २३०.२५ पौंड झाले. २०१६ मध्ये थायलंडमध्ये असताना ज्याचे पेन्शन सुरू झाले त्याला आजही १५५.६५ पौंडच मिळतात. फरक आठवड्याला ७४.६० पौंडांचा, म्हणजे वर्षाला ३,८०० पौंडांहून अधिक आहे. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या ॲनेट कार्सन यांनी हा भेदभाव असल्याचे म्हणत ब्रिटनच्या न्यायालयांपासून युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत दाद मागितली. मार्च २०१० मध्ये तिथल्या मोठ्या खंडपीठाने ११ विरुद्ध ६ मतांनी निकाल त्यांच्या विरोधात दिला. वर्गणी सारखीच भरली असताना रक्कम पत्त्यावरून ठरावी हे मला अन्यायाचेच वाटते, परंतु अंदाजपत्रक अन्यायाच्या भावनेवर बसवता येत नाही. कोणताही पक्ष हे बदलेल असे गृहीत धरू नये. गोठलेला आकडा घ्यावा, पुढच्या २० वर्षांच्या महागाईने त्याची खरेदीशक्ती कुठे जाईल याचा अंदाज बांधावा, आणि मग उरलेला खर्च बचतीतून व कंपनीच्या पेन्शनमधून भागतो का ते पाहावे. कंपनीचे आणि सरकारी सेवेचे पेन्शन आपापल्या योजनेच्या नियमांनुसार वाढते; राहण्याच्या देशावरून ते गोठत नाही. ज्यांचा मुख्य आधार ही दुसरी पेन्शने आहेत त्यांनी थायलंडचा विचार निर्धास्तपणे करावा. ज्यांचा सारा भार स्टेट पेन्शनवर आहे त्यांनी आधी फिलिपिन्सचा नकाशा पाहावा, असे मी कोणाला दुखवण्याची पर्वा न करता सांगतो.

बँकेचा प्रश्न निघण्यापूर्वीच मिटवावा, कारण परदेशात राहणाऱ्याचे खाते ठेवायचे की नाही हे प्रत्येक ब्रिटिश बँक स्वतः ठरवते आणि बाहेर गेल्यावर नवे खाते उघडणे फार कठीण जाते.

हयातीचा दाखला हा पुढचा विषय. ब्रिटनचे सरकारी पेन्शन खाते परदेशातील पेन्शनरांना वेळोवेळी एक फॉर्म पाठवते. तो मान्य व्यक्तीच्या साक्षीने भरून १६ आठवड्यांच्या आत परत पोहोचला नाही, तर पेन्शन थांबवले जाऊ शकते. माझा फॉर्म एकदा टपालात इतका रेंगाळला की तो हाती आला तेव्हा मुदतीचे मोजकेच दिवस उरले होते. तेव्हापासून पत्ता बदलल्यावर त्याच आठवड्यात कळवणे आणि पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत ठेवणे हे दोन नियम मी मोडलेले नाहीत.

मुक्कामाची परवानगी

थायलंडमध्ये वयाच्या पन्नाशीनंतर निवृत्तीच्या कारणास्तव राहता येते, पण ही कायमच्या वास्तव्याची परवानगी नसते, तर दर वर्षी नव्याने मागायची मुदतवाढ असते. तिच्यासाठी थाई बँकेत ८ लाख बाट ठेवावेत, किंवा महिन्याला ६५,००० बाट उत्पन्न दाखवावे, किंवा दोन्हींची वार्षिक बेरीज ८ लाख भरावी, असे पर्याय आहेत. ठेवीचा मार्ग निवडल्यास रक्कम अर्जाच्या आधी दोन महिने आणि परवानगीनंतर तीन महिने पूर्ण राहावी लागते, आणि उरलेल्या काळातही ती ४ लाखांच्या खाली गेलेली चालत नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच ही तारखांची मांडणी कॅलेंडरवर लिहून ठेवावी. शिल्लक एका दिवसासाठी कमी पडली तरी खिडकीपलीकडचा अधिकारी ते कारण ऐकून घेण्यास बांधील नसतो.

मासिक उत्पन्नाचा मार्ग कागदावर सोपा वाटतो. पूर्वी ब्रिटिश दूतावास उत्पन्नाचे पत्र देत असे. २०१९ च्या सुरुवातीपासून ते बंद झाले, आणि आता ६५,००० बाट दर महिन्याला परदेशातून आल्याचे थाई बँकेच्या नोंदीतच दिसावे लागते. त्यात विनिमय दराचा खेळ मिसळतो. पौंडाला ५० बाट मिळत असताना ६५,००० बाटसाठी १,३०० पौंड पुरतात. ३८ बाट मिळू लागले की त्याच रकमेसाठी १,७११ पौंड पाठवावे लागतात. पूर्ण स्टेट पेन्शन, अगदी न गोठलेलेसुद्धा, २०२५-२६ मध्ये महिन्याला १,००० पौंडांच्या आतच होते. म्हणून ज्याला शक्य आहे त्याने ठेवीचाच मार्ग धरावा आणि त्या ८ लाखांकडे खर्चाचा पैसा म्हणून कधीही पाहू नये.

याशिवाय दर ९० दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशनला कळवावा लागतो, देशाबाहेर जाताना पुनःप्रवेशाचा परवाना आधी घ्यावा लागतो (तो न घेता विमानात बसल्यास वर्षभराची मुदतवाढ तिथेच रद्द होते), आणि या परवानगीवर कोणतेही काम करता येत नाही. मुदत उलटून राहिल्यास दिवसाला ५०० बाट दंड, जास्तीत जास्त २०,००० बाट. ९० दिवसांपेक्षा अधिक उलटल्यास पुन्हा प्रवेशावर बंदी येते. जमीन परकीयाच्या नावावर होत नाही. इमारतीतील सदनिका घेता येते, तीही एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांच्या परकीय वाट्यातून.

या खिडक्यांसमोर उभे असलेले माझे अनेक ब्रिटिश समवयस्क मायदेशातील स्थलांतराविषयी कडवट बोलतात, आणि त्यातले काही जण नियम आणखी कडक व्हावेत या मताचे आहेत. त्यांचा हक्क मी नाकारत नाही. राष्ट्राला आपल्या सीमेचे नियम ठरवण्याचा अधिकार असतो, आणि थायलंड तो अधिकार रोज बजावताना आपण पाहतो. मात्र तोच नियम आपल्याच घरावर येऊन पडतो तेव्हा काय होते, हेही त्यांनी पाहावे. ब्रिटिश नागरिकाला परदेशी पत्नीला ब्रिटनमध्ये न्यायचे असेल तर लागणारे किमान वार्षिक उत्पन्न २०१२ मध्ये १८,६०० पौंड ठरले आणि ११ एप्रिल २०२४ पासून ते २९,००० पौंड झाले. पेन्शन या उत्पन्नात धरले जाते, पण २०२५-२६ मध्ये वर्षाला १२,००० पौंडांच्या आत असलेल्या पूर्ण स्टेट पेन्शनवर हा उंबरठा ओलांडता येत नाही; मग रोख बचत दाखवण्याचा मार्ग उरतो, आणि उत्पन्न मुळीच न धरल्यास ती ८८,५०० पौंड लागते. वयाच्या पासष्टीत थाई स्त्रीशी लग्न करून पंचाहत्तरीत उपचारांसाठी मायदेशी परतू पाहणाऱ्याला आपल्या मताची किंमत इथे कळते. म्हणून लग्न केलेल्यांनी, किंवा करू इच्छिणाऱ्यांनी, परतीच्या वेळी हे गणित कसे जुळणार हे निघतानाच लिहून ठेवावे.

जगातील घडामोडी किती पाहाव्यात

निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असल्याने तो दिवसभर बातम्या पाहू शकतो, आणि बहुतेक बातम्यांचा त्याच्या आयुष्याशी संबंध नसतो. मी तीनच गोष्टी नियमाने पाहतो. पहिली, पौंडाचा भाव. जून २०१६ च्या ब्रेक्झिट मतदानापूर्वी पौंडाला सुमारे ५० बाट मिळत होते आणि २०१९ च्या उत्तरार्धात ४० पेक्षाही कमी. ज्यांनी मतदान करून ‘आमचा देश परत घेतला’ म्हटले त्यांतल्या काहींना इथला संसार आवरता घ्यावा लागला. सप्टेंबर २०२२ मध्ये लंडनमधील एका अर्थसंकल्पी घोषणेनंतर काही दिवसांतच पौंड डॉलरच्या तुलनेत आजवरच्या नीचांकावर गेला. याचा अर्थ सट्टा खेळावा असा नाही. वर्षभराचा खर्च बाटमध्ये आधीच ठेवावा आणि भाव बरा असताना थोडे अधिक पाठवावे, म्हणजे वाईट महिन्यात पैसे बदलण्याची सक्ती होत नाही.

दुसरी, युद्धे आणि त्यांतून येणारी महागाई. युक्रेनवरील आक्रमणानंतर इंधन व धान्य महागले, ब्रिटनमधील पेन्शन एप्रिल २०२३ मध्ये १०.१ टक्क्यांनी वाढले, आणि गोठलेल्या पेन्शनरांच्या वाट्याला महागाई आली, वाढ आली नाही. आक्रमणानंतर लगेच, मार्च २०२२ मध्ये, रशियात दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डे देशाबाहेर निकामी झाली, आणि थायलंडच्या किनाऱ्यांवरील रशियन लोकांना खिशात कार्ड असूनही पैसे काढता येईनात. आपले सरकार असे कधी वागणार नाही असे प्रत्येकाला वाटते. तरीही पैसा दोन देशांत आणि दोन बँकांत असावा. जुलै २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडिया यांच्या सीमेवर चकमकी झाल्या, तेव्हा सीमेलगत राहणाऱ्यांना आणखी एक धडा मिळाला: ब्रिटिश परराष्ट्र खात्याने एखाद्या भागात जाऊ नये असा सल्ला दिला की तिथला प्रवास विमा निरुपयोगी ठरू शकतो. विम्याच्या अटींतील तेवढा परिच्छेद प्रत्येकाने वाचून ठेवावा.

तिसरी, यजमान देशाचा करकायदा. थायलंडमध्ये वर्षात १८० दिवस किंवा अधिक राहणारा माणूस तिथला करदाता ठरतो. १ जानेवारी २०२४ पूर्वी परदेशातील कमाई पुढच्या वर्षी आणली तर कर लागत नसे. आता त्या तारखेनंतर कमावलेले उत्पन्न कधीही आणले तरी ते करपात्र ठरू शकते, तर त्यापूर्वीच्या बचतीला सूट आहे. म्हणून ३१ डिसेंबर २०२३ रोजीची आपल्या सर्व खात्यांची विवरणपत्रे काढून जपावीत, जुनी बचत आणि चालू पेन्शन वेगवेगळ्या खात्यांत ठेवावे, आणि सरकारी सेवेचे पेन्शन असल्यास दोन देशांतील दुहेरी कर टाळण्याचा करार जाणकाराकडून वाचून घ्यावा. पोर्तुगालने परदेशी पेन्शनरांना दिलेली करमाफी २०२० मध्ये काढून नव्याने येणाऱ्यांना १० टक्के कर लावला आणि २०२४ पासून ती सवलतही नव्या लोकांसाठी बंद केली, हे ज्यांनी पाहिले त्यांना कोणत्याही देशाचे आमंत्रण कायमचे असते असे वाटणार नाही.

मताधिकाराविषयी एक गोष्ट. १५ वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या ब्रिटिश नागरिकाचा मताधिकार पूर्वी संपत असे. १६ जानेवारी २०२४ पासून ही मर्यादा उठली आहे. नाव नोंदवावे. गोठलेल्या पेन्शनविषयी तक्रार करणाऱ्यांपैकी किती जणांनी ते नोंदवले आहे, असा प्रश्न मी गप्पांत विचारतो तेव्हा विषय लगेच बदलतो.

परतीची वाट

ब्रिटनची आरोग्यसेवा वर्गणीवर नव्हे तर तिथल्या नित्य वास्तव्यावर मिळते, त्यामुळे देश सोडला की रुग्णालयातील मोफत उपचारांचा हक्क सुटतो. युरोपात राहणाऱ्या पेन्शनरांना एस-१ फॉर्मचा, म्हणजे ब्रिटनच्या खर्चाने तिथली सरकारी आरोग्यसेवा मिळवून देणाऱ्या कागदाचा, आधार आहे. थायलंडमध्ये तसे काही नाही. खासगी विमा साठीपूर्वी घ्यावा, कारण सत्तरीनंतर नवा विमा मिळणे दुर्मीळ आणि हप्ता अवाजवी होतो. कायमचे परतल्यास पेन्शन चालू दरावर येते आणि आरोग्यसेवाही मिळू लागते, म्हणून विमानाचे भाडे, सहा महिन्यांचे घरभाडे आणि अनामत एवढी रक्कम पौंडांतच बाजूला ठेवावी व तिला हात लावू नये.

थायलंडमधील मालमत्तेसाठी थाई भाषेत स्वतंत्र मृत्युपत्र करावे, कारण ८ लाखांची ठेव वारसांना न्यायालयाच्या आदेशाशिवाय मिळत नाही. त्यासोबत एका पाकिटात नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, पेन्शन खात्याचा पत्ता, दोन्ही बँकांची नावे आणि दूतावासाचा दूरध्वनी लिहून ठेवावा, आणि ते पाकीट कुठे आहे हे घरातल्या माणसाला त्याच्या भाषेत सांगून ठेवावे. मृत्यूनंतर जमा होत राहिलेले पेन्शन सरकार परत मागते, आणि ते पत्र त्याच माणसाच्या हाती पडते.