बोडीची वाट पुन्हा मोकळी झाली, त्याची गोष्ट

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं, धानाचं. बोडीकडं, म्हणजे छोट्या तळ्याकडं, जाणारी बंडीची (बैलगाडीची) वाट शेजाऱ्यानं रोवणीच्या तोंडावर काटेरी तार लावून बंद केली. ढोरं पाण्याला न्यायची कुठून? तलाठी म्हणाले, "सातबाऱ्यावर रस्ता दिसत नाही." ग्रामपंचायतीत दोनदा गेलो. चहा मिळाला, बस.

मग एका जुन्या कोतवालकाकांनी सांगितलं, "बापू, वाजिब-उल-अर्ज पाहिलं का?" मी तर नावही पहिल्यांदाच ऐकत होतो. विदर्भातल्या जुन्या मालगुजारी (जमीनदारीसारख्या पद्धतीच्या) गावांत वहिवाटीचे हक्क यात लिहिलेले असतात: खाजगी जमिनीतून जायची वाट, पाणी, मासेमारी. जमीन महसूल संहिता १९६६, कलम १६५. सरकारी पडीक जागेवरच्या चराईसाठी, सरपणासाठी निस्तार पत्रक वेगळं, कलम १६१. दोन्ही एकच समजून मी आठवडा वाया घालवला.

तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल काढली. कागद पिवळा पडलेला, अक्षर कसंबसं लागलं, पण "बंडी रस्ता" स्पष्ट होता. तो जोडून मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडे अर्ज दिला. अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत द्यावा लागतो. माझे ४ तर हेलपाट्यातच गेले होते. सोबत तारेचे फोटो अन् जुन्या दोन शेतकऱ्यांचे जबाब दिले.

स्थळ पंचनाम्याला शेजारी स्वतः हजर होता. नक्कल पाहून जरा चपापलाच. आदेश निघाला, तार निघाली. बोलणं मात्र अजून बंदच आहे.