पिंजऱ्यात मासे सोडायचेत? आधी मे महिन्यातलं धरण बघून या

भो, श्रावणात गिरणा धरण भरलं की सगळ्यांनाच वाटतं टाकू दहा-बारा पिंजरे, सोडू मासे. पण पाणी तपासायचं ते मे मध्ये, जळगावात पारा ४५ ला टेकतो आणि पाटाची आवर्तनं सुटून धरण तळाला गेलेलं असतं तेव्हा. मालवणला समुद्राचं पाणी तपासणारा भरती-ओहोटी न् खारटपणा आधी बघेल, आपल्याकडं ओहोटी वर्षातून एकदाच येते पण महिनोन्महिने मुक्काम ठोकते.

पहिलं काम खोलीचं. दोरीला दर मीटरला गाठ मारा, खाली दगड बांधा आणि तिथल्याच भोई नाहीतर कोळी भाऊंच्या होडीत बसा, डोह कुठं न् जुनी झाडं कुठं बुडालीत ते त्यांनाच ठाऊक. पिंजऱ्याचं जाळं ४ मीटर खोल असेल तर खाली अजून तेवढं पाणी पाहिजे, म्हणजे भर उन्हाळ्यात ८-१० मीटर. हतनूर धरण मला इथंच खटकतं, तापी-पूर्णेनं इतका गाळ आणून टाकलाय की पाणी लांबवर पसरलेलं दिसतं आणि दोरी लगेच टेकते. दगडाला चिकटलेल्या गाळाला सडक्या अंड्याचा वास आला तर जागा बदला.

दुसरं ऑक्सिजन, आणि याच्यासाठी पहाटे उठावंच लागतं. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं म्हणून दुपारचा आकडा एकदम झकास येतो, रात्री तेच शेवाळ ओढून घेतं, मासे मरतात ते उजाडायच्या आधी. ऑक्सिजन मोजायच्या किटची बाटली पाण्याखालीच भरा, आत एक बुडबुडा नको, मग दोन्ही औषधांचे थेंब टाकून हलवा. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर तिथून होडी वळवा. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर पाहिजे, आणि वरचं पाणी घेऊन समाधान मानू नका, जाळ्याच्या तळाच्या खोलीवरचं पण घ्या. पाणी तापलं की ऑक्सिजन कमीच धरतं, म्हणून परत तेच, मे महिना.

गढूळपणाला रंगाच्या डब्याचं २० सेंटीमीटरचं झाकण काळं-पांढरं रंगवून सोडा, दिसेनासं कुठं होतं आणि वर ओढताना परत कुठं दिसतं त्याची सरासरी घ्या. पीएच, म्हणजे पाण्याचा आंबट-खारेपणा, साडेसहा ते साडेआठ ठीक. तो दुपारी चढतो आणि चढला की विष्ठेतून न् खतातून येणारा अमोनिया जास्त विषारी होतो, त्यामुळे अमोनिया दुपारीच मोजा. रावेर-यावलकडं केळीचा युरिया पहिल्या पावसात नाल्यानं खाली येतो, तेव्हा एकदा परत मोजा.

आता पिंजरे किती? किलोभर माशाला साधारण दीड किलो खाद्य धरा, म्हणजे १० टन माशाला १५ टन, आणि त्यातलं बरंचसं विष्ठा होऊन त्याच पाण्यात पडतं. धरणाच्या पाण्याच्या क्षेत्राच्या १ टक्क्याच्या पुढं पिंजरे नकोच. शिरपूरकडचं अनेर तर अभयारण्यच आहे, तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय विषयच काढू नका. हतनूरला हिवाळ्यात परदेशी पक्षी उतरतात, ते बसतात ती उथळ कड सोडूनच द्या. आणि तिलापिया, तो बाहेरून आलेला मासा? जाळं फाटलं की तो धरणभर होतो, मग आपले रोहू-कटला कुठं जाणार, मी तरी टाकणार नाही.