पहिली चॅरिटी दौड: आधी वही, मग बूट

पहिल्यांदा चॅरिटी रनला, म्हणजे चांगल्या कामासाठी पैसे गोळा करायच्या दौडीला, उतरणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, बूट कुठले घेऊ? मी त्यांना विचारते, पैसे कुणासाठी गोळा करणार? त्याचं उत्तर एका वाक्यात देता आलं की पळण्याची निम्मी तयारी झाली असं मी मानते.

माझं वाक्य सांगते. मी डायलिसिस विभागात नर्स आहे. चंदगड, आजरा, गगनबावड्याकडून पेशंट कोल्हापूरला येतात, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि दर खेपेला साधारण चार तास मशीनवर असतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिस होतं, पेशंटला एसटीत सवलतही मिळते. पण सोबत येणाऱ्याचं तिकीट, वाडीपासून फाट्यापर्यंतचं वडाप (शेअर जीप), स्टँडवरून दवाखान्यापर्यंतची रिक्षा आणि बरोबर आलेल्या पोराची बुडालेली हजेरी घरच्यांच्याच अंगावर पडते. पैसे संपले की माणूस एक खेप टाळतो. मग अंगात पाणी साठतं, धाप लागते, पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. त्या चुकणाऱ्या खेपेसाठी मी पळते. एवढं सांगितलं की समोरचा माणूस पाकिटाकडे हात नेतो, जास्त बोलावं लागत नाही.

तुमचं कारण वेगळं असेल. अंधशाळा असेल, गोशाळा असेल, मुलींची वसतिगृहाची फी असेल. पण 'समाजासाठी' असं मोघम नको. शंभर रुपयांत काय होतं आणि हजारात काय होतं, हे संस्थेकडून विचारून घ्या. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का आणि लेखापरीक्षण केलेला हिशेब दाखवते का, हेही बघा. पैसे शक्यतो थेट संस्थेच्या खात्यावर जाऊ द्या, तुमच्या यूपीआयवर घेऊ नका. देणाऱ्याला आयकराच्या सवलतीची पावती लागणार असेल तर 2,000 रुपयांच्या वरची रक्कम रोखीने चालत नाही, हे आधीच सांगून ठेवा.

आणखी एक गोष्ट स्वच्छ समजून घ्या. दौडीची प्रवेश फी म्हणजे देणगी नव्हे. त्यातला बराच भाग टी-शर्ट, मेडल, पाणी, ॲम्ब्युलन्स, मंडप यांवर जातो. संस्थेला किती पोचतं ते आयोजकांना सरळ विचारा. चांगला आयोजक रागावत नाही.

आता मागायचं कसं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आवाहन टाकलं की हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडतो आणि पैसे येत नाहीत. एक वही करा. नाव, किती म्हणाले, कधी दिले, पावती पोचली का, असे चार रकाने आखा. पहिल्या ओळीत स्वतःचं नाव आणि स्वतःची रक्कम लिहा. मग समोरासमोर जा. लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्याकडे सकाळी दुकान उघडताना जाऊ नका, बोहनी व्हायची असते. दुपारी तीनच्या सुमाराला जा, तो निवांत असतो आणि चहा सांगतो. वही उघडून त्याच्या पुढ्यात ठेवा. वरची नावं वाचल्यावर माणूस आपोआप पेन मागतो. तालमीतल्या, भिशीतल्या, माहेरच्या, कुणालाच गाळू नका. ज्याला जमणार नाही असं तुम्हाला वाटतं, तो बऱ्याचदा सगळ्यात आधी देतो.

आणि हे मनावर कोरून घ्या: या लोकांनी पैसे तुमच्या टायमिंगसाठी दिलेले नाहीत. तुम्ही तीस मिनिटांत पोचलात काय आणि पन्नास मिनिटांत पोचलात काय, पेशंटच्या मुलाचं तिकीट तेवढंच निघतं. म्हणून पहिल्या वर्षी पाच किलोमीटरच धरा आणि सावकाश पळा.

कोल्हापुरात दौडी बहुतेक थंडीत असतात. नवरात्रानंतर पाऊस उघडतो, तिथून सुरुवात केली तर वेळ पुरतो. नऊ दिवसांचे उपवास धरले असतील तर ते होईपर्यंत फक्त चाला. चाळिशी ओलांडली असेल, शुगर किंवा बीपी असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. हे मी नर्स म्हणून सांगते, यात सूट नाही.

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड. पहिल्या आठवड्यात एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं मिळून अर्धा तास. दर आठवड्याला पळण्यात थोडी भर घाला. आठ-दहा आठवड्यांत बहुतेकांचे पाच किलोमीटर होतात, मध्ये चाललात तरी चालतं. वेग बरोबर आहे का हे कळायला घड्याळ नको. सोबतीणीला कालच्या आमटीची कृती पूर्ण वाक्यांत सांगता आली तर वेग बरोबर. दोन शब्दांनी धाप लागली तर कमी करा.

जागा म्हणाल तर रंकाळा तलाव. संध्यामठाच्या बाजूने निघालात की एका अंगाला पाणी राहतं, शालिनी पॅलेसजवळ झाडी लागते, आणि पहाटे फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असल्याने बाईमाणसाला एकटं वाटत नाही. फक्त फरशीवर पावसानंतर शेवाळ धरतं, तिथे चालत जा. थोडं अंग तयार झालं की विद्यापीठाच्या आवारात जा, चढ-उतार मिळतात. टेंबलाईची टेकडी शेवटच्या दोन आठवड्यांत नको, पोटऱ्या आखडतात. रस्त्यावर पळायची वेळ आली तर उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं पळा, आणि अंगात फिकट रंगाचे कपडे घाला.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. सुती मोजे घामाने भिजतात आणि फोड आणतात, स्पोर्ट्सचे मोजे घ्या. बायकांनी स्पोर्ट्स ब्रा घेताना काटकसर करू नये. नवे बूट दौडीच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत, निदान तीन आठवडे आधी वापरात आणा. नडगीचं हाड एकाच जागी दुखत असेल आणि दाबल्यावर कळ येत असेल तर पळणं थांबवा आणि दाखवून घ्या.

दौडीच्या आदल्या दिवशी बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबरचा कागद, आणा. मागच्या बाजूला घरच्यांचा फोन नंबर, रक्तगट आणि चालू औषधं लिहा. वेळ मोजणारी टायमिंग चिप बहुधा बिबलाच चिकटवलेली असते, म्हणून बिब दुमडू नका, चार पिनांनी छातीवर लावा. रात्री आठच्या आत साधा वरण-भात, एखादी पालेभाजी. तांबडा रस्सा त्या रात्री नको, सकाळी पोट साथ देत नाही. पहाटे सुटण्याच्या तास-दीड तास आधी एक केळं किंवा गुळाबरोबर अर्धी भाकरी. पाणी घोट घोट प्या. पाच किलोमीटरला तेवढं पुरतं. उन्हात घाम फार गेला तर नंतर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून प्या, चमचा चहाचा. शुगरवाल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारून ठेवावं.

सुरुवातीच्या रेषेवर मागे उभ्या राहा. ढोल वाजतो, हलगी कडाडते, पुढची पोरं सुसाट सुटतात आणि पाय आपोआप ओढले जातात. पहिला किलोमीटर मुद्दाम हळू घ्या. छातीत दुखलं, डावा हात जड झाला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच थांबा आणि जवळच्या स्वयंसेवकाला सांगा. अर्ध्यात थांबलात तरी वहीतला एकही रुपया परत जात नाही. पोचल्यावर एकदम बसू नका, पाच-दहा मिनिटं चालत राहा. त्यानंतर मिसळ खुशाल खा.

दौड रविवारी झाली तर सोमवारी वही पुन्हा उघडा. 'देतो' म्हणून राहिलेल्यांना त्याच आठवड्यात बिब घेऊन भेटा, महिना गेला की मागणं दोघांनाही अवघड होतं. पावत्या ज्याच्या त्याला पोचवा. पैसे संस्थेच्या खात्यावर जमा झाले की एकूण रकमेचं आणि त्यातून काय होणार याचं दोन ओळींचं पत्र प्रत्येकाला पाठवा. ज्यांनी नाव सांगू नका म्हटलं, त्यांचं नाव त्यात घालू नका.