सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकलने जाताना करायची तयारी

स्वारगेटहून सिंहगड रस्त्याने खडकवासला, डोणजे आणि गोळेवाडी असे जाऊन त्याच वाटेने परत येणाऱ्यांसाठी ही तयारी लिहीत आहे. जाऊन-येऊन साधारण ५० किलोमीटर होतात आणि त्यांतला मोठा भाग भर वाहतुकीतून कापावा लागतो.

सर्वांत आधी मागचा लाल दिवा. तो सायकलवर बसवलेला आहे ना, हे प्रत्यक्ष हात लावून पाहावे, आणि दुपारी लख्ख उन्हात निघायचे असले तरीही पाहावे. दोन वर्षांपूर्वी जुलैतल्या एका रविवारी मी दुपारी २ वाजता निघालो आणि सहापर्यंत परत यायचेच आहे, या हिशेबाने चार्जिंगला लावलेला दिवा ओट्यावर तसाच राहू दिला. डोणज्याजवळ पंक्चर झाले, सोबतची जादा ट्यूब वॉल्व्हपाशी फाटलेली निघाली, सायकल ढकलत दुकान गाठण्यात दीड-दोन तास गेले, आणि खडकवासल्याच्या चौपाटीजवळ येईपर्यंत अंधार पडून भुरभुर पाऊसही सुरू झाला होता. मागून आलेल्या गाडीचा आरसा माझ्या उजव्या कोपराला लागला आणि मी डांबराच्या कडेखालच्या खडीत आदळलो. डाव्या खांद्याजवळचे हाड मोडले, दीड महिना हात झोळीत होता. गाडीवाले गृहस्थ थांबले, त्यांनीच मला दवाखान्यात पोहोचवले, आणि वाटेत ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते: ‘तुम्ही दिसलाच नाहीत हो.’ ते खरे बोलत होते.

म्हणून दिव्याबद्दल सविस्तर सांगतो. रिफ्लेक्टर आहे म्हणून दिवा नको, असे कोणी म्हटले तर कृपा करून ऐकू नये. रिफ्लेक्टरला स्वतःचा उजेड नसतो. मागच्या वाहनाचा झोत त्यावर पडला तरच तो चमकतो, आणि ज्या दुचाकीचा दिवा मंद आहे किंवा आभाळाकडे रोखलेला आहे तिच्या चालकाला तो फार उशिरा दिसतो. ताशी ५० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे येते, त्यामुळे हा उशीर परवडणारा नाही. दिवा सीटच्या दांडीवर लावल्यानंतर चार पावले मागे जाऊन पाहावे: तो जमिनीकडे झुकलेला नसावा, आणि सीटखालची पिशवी किंवा रेनकोटचे लोंबणारे टोक त्याच्यावर येत नसावे. पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवलेला दिवा हा दिवा नव्हे. तेथे बटण दाबले जाऊन तो नेमका हवा तेव्हा संपलेला असतो. पावसाळी ढग दाटले, की दिवसाही तो लावावा.

हेल्मेट घालावेच, त्याचा पट्टा हनुवटीखाली घट्ट असावा. पुढचा पांढरा दिवा आणि घंटी हव्यात, हे सांगायची गरज नाही.

ब्रेक घराबाहेरच तपासावेत. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलली असता चाक जागचे हलता कामा नये, आणि दाबलेला लिव्हर हॅन्डलला टेकता कामा नये. रिमवर दाबणारे रबरी ब्रेक असतील, तर पावसात पहिल्या दाबाने केवळ रिमवरचे पाणी निपटले जाते आणि सायकल नंतर थांबते. त्यामुळे ओल्या रस्त्यावर ब्रेक बरेच आधीपासून धरावा लागतो. टायरमध्ये हवा किती भरावी हे टायरच्या बाजूवरच छापलेले असते. जादा ट्यूब घरी एकदा फुगवून पाहावी, कारण माझी संध्याकाळ तिच्यामुळेच लांबली. मात्र ट्यूब फाटकी निघूनही दिवा सोबत असता तर मी फक्त उशिरा घरी पोहोचलो असतो.

रस्त्यावर आल्यावर अगदी कडेला चिकटून चालवू नये. कडेला खडी, चेंबरची झाकणे आणि तुटलेले डांबर असते, आणि फार कडेला राहिल्यास मागचे वाहन त्याच मार्गिकेतून घुसून पुढे जायला पाहते. राजाराम पुलाच्या चौकापुढे उड्डाणपुलावर न चढता खालच्या रस्त्याने जावे. पीएमपीची बस थांब्याकडे वळत असेल तर तिच्या डाव्या बाजूने पुढे जाण्याचा प्रयत्न कधीही करू नये. चालकाला तेथले काही दिसत नाही, आणि वाचणारी दहा सेकंदे काहीही उपयोगाची नसतात. खडकवासल्याच्या चौपाटीवर सुट्टीच्या दिवशी कणीस-भज्यांच्या गाड्यांसमोर मोटारी उभ्या असतात आणि त्यांचे दरवाजे मागे न पाहता उघडले जातात. त्या मोटारींपासून किमान १ मीटर अंतर ठेवावे, तेवढी जागा नसेल तर वेग माणसाच्या चालीइतका करावा. ओल्या रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणे निसरडी असतात. त्यांवर वळू नये, ब्रेकही दाबू नये.

गोळेवाडीपासून पुढे घाट चढायचा असेल, तर उतरताना ब्रेक सतत दाबून न धरता सोडून सोडून वापरावेत.

परतीला पाणी आणि थोडे पैसे शिल्लक ठेवावेत. निघण्याची वेळ घरी सांगून ठेवावी. डोणजे सोडताना मागचा दिवा लावावा, ऊन असले तरी.

घरी आल्यावर चेन पुसून तेल द्यावे, आणि दिवा त्याच रात्री चार्ज करून, झोपण्यापूर्वी पुन्हा सीटच्या दांडीवर बसवावा.