ऑर्किडची कुंडी बदलण्याआधी विषाणू तपासा

फुलोरा ओसरला, बुडाशी नव्या मुळांची हिरवी टोके दिसू लागली की ऑर्किडच्या कुंड्या बदलण्याची आणि जुने झाड फोडून नवी रोपे करण्याची लगबग सुरू होते. विषाणूही याच दिवसांत बागभर पसरतो, आणि तो पसरवते आपल्याच हातातली कात्री.

ऑर्किडमध्ये मुख्यतः दोन विषाणू आढळतात: सिम्बिडियम मोझॅक आणि ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पहिला लवचिक धाग्यासारखा, सुमारे ४७५ नॅनोमीटर लांब दिसतो. दुसरा ताठ काडीसारखा, सुमारे ३०० नॅनोमीटरचा असतो. तो तंबाखूच्या मोझॅक विषाणूचा भाऊबंद. हे दोन्ही विषाणू मावा किंवा फुलकिडे पसरवत नाहीत, म्हणून कीटकनाशक फवारून ते आटोक्यात येणार नाहीत. रोगट झाडाचा रस कात्रीच्या पात्याला, बोटांना किंवा जुन्या कुंडीला लागतो आणि पुढच्या झाडाच्या जखमेत शिरतो.

पान उजेडासमोर धरून पाहा. सिम्बिडियम प्रकारच्या ऑर्किडच्या पानावर फिकट आणि गडद हिरव्या रेघा दिसतात, पुढे त्या जागी काळपट, खोलगट डाग पडतात. कॅटलिया ऑर्किडचे फूल उमलताना स्वच्छ असते आणि काही दिवसांतच पाकळ्यांवर तपकिरी चट्टे उठतात. रिंगस्पॉटमुळे पानावर वलये येतात, पाकळीचा रंग सलग न राहता तुकड्यातुकड्यांत फुटतो. मात्र डोळ्यांवर विसंबू नका. फॅलेनॉप्सिस ऑर्किड कित्येकदा एकही डाग न दाखवता विषाणू बाळगून असते. उलट उन्हाने भाजलेले किंवा बुरशी लागलेले पानही रोगट वाटते.

खात्री चाचणीनेच होते. घरच्या घरी पट्टी-चाचणी करता येते: पानाचा छोटा तुकडा सोबतच्या द्रावणात चुरडायचा आणि त्यात पट्टी बुडवायची. नियंत्रण रेघेसोबत (चाचणी नीट झाल्याची खूण) आणखी एक रेघ उमटली तर झाड बाधित. नियंत्रण रेघच आली नाही तर चाचणी वाया गेली, पुन्हा करा. जास्त झाडे असतील तर प्रयोगशाळेतून एलायझा (प्रतिपिंडांनी विषाणू ओळखणारी चाचणी) करून घ्या. विषाणू फार कमी प्रमाणात असेल तर विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी आरटी-पीसीआर चाचणी अधिक भरवशाची. ज्यापासून नवी रोपे करायची त्या मातृवृक्षाची तपासणी तर टाळूच नका, कारण ऊतीसंवर्धनातून (प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून रोपे वाढवताना) त्याच्या प्रत्येक रोपात विषाणू उतरू शकतो.

बाधित झाडावर औषध नाही. कितीही जीव लावलेले असले तरी ते जाळून टाका. हे जड जाते, पण शेजारची झाडे त्यानेच वाचतात.

प्रत्येक झाडानंतर पाते ज्योतीवर चांगले तापवा किंवा १० टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटच्या द्रावणात बुडवा. नुसत्या अल्कोहोलने पुसणे पुरेसे नाही. हातमोजे बदला, कुंडीत भरलेले जुने माध्यम पुन्हा वापरू नका. पानांवर पिवळे ठिपके आणि सोबत कोळी (पानांचा रस शोषणारे अगदी बारीक जीव) दिसले तर ऑर्किड फ्लेक विषाणूची शंका घ्या. तो मात्र कोळ्यांमार्फत पसरतो, तिथे कोळीनाशक लागतेच.

नवीन आणलेली रोपे वेगळ्या बाकावर ठेवा, चाचणी करा, काही आठवड्यांनी पुन्हा एकदा करा. तोवर त्यांना पात्याचा स्पर्श नको.